नीरेच्या वरच्या अंगाला



शताब्दीच्या या पुस्तकात आपल्या भोर-वेल्ह्याच्या जुन्या ठिकाणांवर काहीतरी लिही, असं दिंडीतल्या जाणत्या मंडळींनी सांगितलं. मी इतिहासाचा मास्तर नव्हे. पण एका म्हातारीचं देणं माझ्या अंगावर राहिलंय, ते थोडंफार फिटेल म्हणून लिहायला बसलो.

अकरा-बारा वर्षं झाली असतील. वाल्ह्याचा मुक्काम हलवून माउलींची पालखी नीरेला पोचली होती. दत्तघाटावर पादुकांना स्नान घालतात, तो सोहळा नुकताच झालेला. टाळकरी, विणेकरी, तुळशीवाल्या बाया, सगळे मिळेल तिथं पाण्यात उतरलेले. मी एका दगडावर पाय सोडून बसलो होतो. शेजारी मराठवाड्याकडच्या दिंडीतली एक आजी लुगड्याचा पदर पिळीत होती.

"कुठले म्हणायचं माउली तुम्ही?"

"वेल्ह्याचे."

"अगं बाई, वाल्हं तर सकाळीच सोडलं की आपण!"

"वाल्हं नव्हं आजी, वेल्हं. तिकडं डोंगरात. राजगडाच्या पायथ्याला."

राजगड म्हटल्याबरोबर आजीनं दोन्ही हात जोडले. "म्हंजी शिवाजीमहाराजांच्या गडाखाली ऱ्हाता व्हय? लई भाग्याचे. मंग वर किती येळा जाऊन आला असाल!"

आमच्या पडवीतून राजगड दिसतो. गुरांमागं, करवंदांसाठी, गवतासाठी अर्ध्या डोंगरापर्यंत शेकडो वेळा गेलो असेन. पण पन्नाशी आली तरी तटाच्या आत पाऊल टाकलेलं नव्हतं. मी म्हणालो, "हो, जातो की." माउलींच्या पादुका शंभर पावलांवर, आणि मी खोटं बोललो. मग आजीनं ओंजळीत पाणी घेऊन विचारलं, "आन् हे पाणी कुठून येतं हो?" मी म्हणालो, "धरणातून." ते मात्र खोटं नव्हतं. पण ते उत्तरही नव्हतं.

उत्तर असं द्यायला हवं होतं: आजी, हे पाणी आमच्या दारातून येतं.

नीरा भोर तालुक्यात उगम पावते, वरंध घाटाच्या बाजूला शिरगावापाशी. ती भोरच्या अंगानं खाली येते, तिला वेळवंडी मिळते. पुढं गुंजवणी मिळते. आणि तोरण्याखालून येणारी कानंदी त्या गुंजवणीतच आलेली असते. ही सगळी मिळून जी नीरा होते, तिच्यात वाल्ह्याच्या पुढं माउलींच्या पादुका न्हातात, आणि तिकडं सराटीला तुकोबांच्या पादुकाही तिच्यातच न्हातात. मग नीरा नरसिंहपूरला ती भीमेला मिळते आणि भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. वेल्ह्याचं उत्तरेकडचं पाणी, पानशेतची आंबी आणि मोसे खोऱ्यातली मोसे, ह्या मुठेतून फिरून शेवटी त्याच भीमेत येतात. म्हणजे आपल्या दोन तालुक्यांत सह्याद्रीच्या कड्याच्या अलीकडं पडलेला पाऊस वारीला जातोच. आपण त्याच्यामागून पायी जातो, एवढंच.

त्या वर्षी पंढरीहून परत आल्यावर ठरवलं, की हे पाणी जिथून येतं ती खोरी एकेक करून पायानं बघायची. आधी गुंजवणी, मग नीरा, मग वेळवंडी. एका दमात झालं नाही. भात लावणी, काढणी, घरचं आजारपण सांभाळून चार-पाच वर्षं लागली.

सुरुवात अर्थातच राजगडानं केली. दसरा झाला, भातं पिवळी पडली होती. पालीच्या बाजूनं चढलो. तिकडून पायऱ्यांची ऐसपैस वाट आहे, जुनी राजवाट. गुंजवण्याकडून चोरदरवाजाची वाट जवळची, पण खडी. वर पद्मावती माचीवर आलो आणि पहिल्यांदा देवीला गेलो, कारण सवयच ती. देवळाजवळ एक साधी समाधी आहे. ती सईबाईसाहेबांची, संभाजीराजांच्या आईची. १६५९ च्या भाद्रपदात त्या याच गडावर गेल्या. पुढं दोनच महिन्यांनी महाराजांना प्रतापगडाखाली अफझलखानाला सामोरं जायचं होतं. घरात दोन वर्षांचं पोर, बायको गेलेली, आणि पुढ्यात खान. आपण पोवाड्यात खानाचा वध ऐकतो. त्याआधीचे हे दोन महिने कसे गेले असतील, ते त्या समाधीपाशी उभं राहिल्यावर मनात येतं. माझ्याकडं बुक्का होता, तो लावला आणि निघालो.

देहूत तुकोबांचं कीर्तन चालू होतं त्या सुमारास इकडं मुरुंबदेवाच्या डोंगराला तट चढत होता. मुरुंबदेव हे राजगडाचं आधीचं नाव. तोरण्यावर सापडलेलं धन या बांधकामाला लागलं, असं बखरी सांगतात. पुढची वीस-पंचवीस वर्षं स्वराज्याचा कारभार इथून चालला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांना गेले, बारा उरले. त्या बारांत राजगड आणि तोरणा होते. आग्र्याहून सुटून महाराज १६६६ साली आले ते राजगडावर. राजाराम महाराजांचा जन्म इथला, २४ फेब्रुवारी १६७०. त्यानंतर राजधानी रायगडाला गेली.

पण तारखा सांगून गड कळत नाही. संजीवनी माचीवर चालताना कळतो. तिथं तटाला तट आहे, म्हणजे बाहेरची भिंत पडली तरी आतली उभी. दोन्हींच्या मधून माणूस चालू शकतो. मी शेताचे बांध घातलेला माणूस आहे. डोंगराच्या सोंडेवर, दोन्ही बाजूंना खोल दरी असताना, चिरा वर कसा नेला असेल, तो बसवताना पाय कुठं टेकवला असेल, हे बघत मी तासभर बसलो. ते गवंडी, पाथरवट, बेलदार, ओझी वाहणारे गडी कोण होते? त्यांतले आपल्याच खोऱ्यातले किती असतील! त्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत. चिरे मात्र अजून जागेवर आहेत.

त्याच तटावर कुणा पोरानं तेलरंगानं आपलं आणि एका मुलीचं नाव लिहिलं होतं, मध्ये बदाम. मला राग आला. तो राग पुढं माझ्यावरच उलटला, ते सांगतो.

तोरण्याला पुढच्या वर्षी गेलो. तो राजगडाहून उंच आणि आडदांड. प्रचंडगड हे नाव त्याला शोभतं. महाराजांनी पहिल्यांदा घेतलेला गड हाच, असं परंपरा सांगते. आणि १७०४ साली औरंगजेबाच्या फौजेनं हा लढून घेतला, त्याचीही आठवण ठेवायला हवी. बाकीचे बरेच किल्ले त्याला पैसे मोजून किंवा बोलणी करून घ्यावे लागले होते. वर मेंगाईचं देऊळ आहे. झुंजार माचीकडं मी गेलो नाही. गुडघ्यानं नको म्हटलं.

२०२५ च्या आषाढी एकादशीनंतर पाचच दिवसांनी, ११ जुलैला, मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांत आपला राजगड आहे. वेल्हे तालुक्यालाही आता राजगड असं नाव मिळालंय, जरी तोंडातलं वेल्हं काही जात नाही. आपण तेव्हा परतीच्या वाटेला होतो. एसटीत एकानं मोबाइलवर बातमी वाचून दाखवली, सगळ्यांनी 'पुंडलिक वरदे'चा गजर केला. या यादीत नुसत्या वास्तूच असतात असं नाही. स्पेन देशात सांतियागो म्हणून एक ख्रिस्ती तीर्थ आहे. तिथंही लोक शेकडो मैल चालत जातात, आपल्यासारखेच. त्यांची ती चालायची वाटच १९९३ साली या यादीत घेतली. वाट टिकते ती चालणाऱ्यांमुळं, हे त्यांनाही पटलेलं दिसतं.

गुंजवणीच्या खोऱ्यातून खाली उतरताना नसरापूरचं बनेश्वर लागतं, शिवगंगेच्या काठी, झाडीत. हे सगळ्यांचं बघितलेलं, म्हणून थोडक्यात सांगतो. १७४९ साली नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं देऊळ. तिथली घंटा जरा निरखून बघा. तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ हे साल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या घंटा देशावर आल्या, त्यांतली ही. मी लहानपणापासून ती वाजवत होतो. वर मान करून कधी बघितलं नव्हतं.

आता नीरेचं खोरं. भोरला राजवाडा बघितला. पंतसचिवांचं हे संस्थान. मूळ पुरुष शंकराजी नारायण, राजाराम महाराजांच्या पडत्या काळात ज्यांनी मुलूख राखला त्यांतले एक. ८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन झालं. वाड्याचं लाकूडकाम बघण्यासारखं आहे. रामनवमीचा उत्सव अजून होतो. अलीकडं तिथं सिनेमावाल्यांचीही ये-जा असते. आमच्यातल्या एकाला वाड्याचा इतिहास विचारला तर त्यानं तिथं शूटिंग झालेल्या पाच पिक्चरची नावं सांगितली.

भोरपासून जवळ रोहिडा. बाजारवाडीतून वाट आहे. विचित्रगड म्हणतात तो हाच. याच्या तिसऱ्या दरवाजावर शिलालेख आहे, एक मराठीत आणि एक फारसीत. विजापूरच्या मुहम्मद आदिलशहाच्या वेळी मे १६५६ मध्ये गडाची दुरुस्ती झाली, असा त्याचा मतलब. मला त्यातलं फार वाचता आलं नाही. बरोबर कॉलेजात शिकणारा पुतण्या होता, त्यानं बोट ठेवून अक्षरं दाखवली. आम्ही दोघं तिथं बराच वेळ थांबलो. आपण ऐकत आलो, की आपला मुलूख पहिल्यापासून महाराजांचाच. पण तो दगड सांगतो, की १६५६ च्या उन्हाळ्यापर्यंत या गडावर विजापूरचा अंमल चालत होता. दुरुस्तीला लागलेले हात पुन्हा आपल्याच रोहिड खोऱ्यातले असणार. बांदल देशमुखांचं हे खोरं, आणि त्यांचे कारभारी बाजीप्रभू देशपांडे, शिंद गावचे. रोहिड्याच्या दुरुस्तीनंतर चारच वर्षांनी, जुलै १६६० मध्ये, याच बांदलांच्या माणसांना घेऊन बाजीप्रभू घोडखिंडीत उभे राहिले. चार वर्षांत एक खोरं कुठून कुठं गेलं, हे त्या दगडानं जसं सांगितलं तसं मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि तिथंच मला घाम फुटला. त्याचं कारण आमच्या गावचं देऊळ.

आमच्या ग्रामदैवताचं देऊळ जुनं, काळ्या दगडाचं. किती जुनं, ते कुणालाच माहीत नाही आणि आता कळायचंही नाही. मी तिशीत असताना जीर्णोद्धार काढला. पावती पुस्तक घेऊन घरोघर वर्गणी गोळा करणाऱ्यांत मी पुढं. पुण्या-मुंबईच्या मंडळींनी चांगला हात दिला. दगडी खांबांना ऑइल पेंट लावला, खाली निळा, वर पिवळा. गाभाऱ्यात चकचकीत फरशी बसवली. पुढं सिमेंटचा सभामंडप आला. त्याच्या पायात भरायला दगड कमी पडले, तेव्हा विहिरीजवळ पडलेला एक उभट दगड आणून घातला. त्या दगडावर बाया धुणं धूत. त्याच्यावर खालपासून वरपर्यंत चित्रं कोरलेली होती. खाली ढाल-तलवारीची माणसं, मधे दोन बायांच्या मधे बसलेला गडी, वर पिंडीसमोर हात जोडलेला माणूस, आणि अगदी टोकाला चंद्र-सूर्य. मीच एका बाजूनं पहार लावली होती.

ती वीरगळ होती. रोहिड्याहून परतताना पुतण्यानं दुसऱ्या एका गावातली वीरगळ दाखवून अर्थ सांगितला, तेव्हा कळलं. खालच्या चौकटीत तो माणूस लढताना पडतो. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. वरच्या चौकटीत तो कैलासाला पोचून शिवाची पूजा करतो. चंद्र-सूर्य म्हणजे ते असेपर्यंत त्याचं नाव राहो. गावासाठी, गाईंसाठी, सीमेसाठी कुणीतरी आमच्याच वेशीत पडला होता, त्याची ती खूण. कुणाचा पूर्वज ते माहीत नाही, माझाही असेल. चंद्र-सूर्य आहेत तोवर राहायचा तो दगड आम्ही देवाच्या नावानं सिमेंटखाली पुरला. राजगडावर बदाम काढणाऱ्या पोराला मी काय बोलणार?

कुणाच्या मनात वाईट नव्हतं. हीच तर अडचण आहे. परक्यानं देऊळ फोडलं तर गाव उठतं. आपणच भक्तीनं पुसून टाकलं तर सत्यनारायण घालतो. दोन्ही तालुक्यांत फिरताना मी देवळं बघत गेलो. खांबावर रंगाचे चार-चार थर, कोरीव काम बुजलेलं. पायरीचा दगड म्हणून वीरगळ. लेखावर चुना. दगडावर तेलरंगाचा थर बसला की आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, मग पापुद्रे सुटतात आणि बरोबर नक्षी घेऊन जातात. रंग खरवडायला यंत्रानं वाळूचा मारा करतात काही ठिकाणी, त्यानं तर वरची कातडीच सोलून निघते. रोहिड्याच्या दरवाजावर कुणी भाविकानं असाच एक हात मारला असता, तर मे १६५६ गेलं असतं.

याच्या उलट एक गोष्ट त्याच खोऱ्यात आहे, आणि ती मला या सगळ्या फिरण्यात सगळ्यांत मोठी वाटली. ती आहे कारी गावची.

भोरहून आंबवड्याला गेलं की नागेश्वराचं जुनं देऊळ लागतं. ओढ्यावर संस्थानकाळातला झुलता पूल आहे. कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्या तिथं दाखवतात. तिथून पुढं कारी, जेध्यांचं गाव. कान्होजी या खोऱ्यातले मोठे देशमुख. अफझलखान निघाला तेव्हा देशमुखांना बादशहाची फर्मानं आली, की खानाला मिळा, नाहीतर वतन जाईल. कान्होजी पाच मुलांना घेऊन राजगडावर आले आणि वतनावर पाणी सोडतो म्हणून त्यांनी हातावर पाणी घेतलं, असं जेध्यांचा करीना सांगतो. करीना म्हणजे घराण्याची हकिगत. ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे कारण ती लिहून ठेवलेली होती, आणि लिहिलेलं जपून ठेवलेलं होतं.

जेध्यांच्या घरात आणखी एक बाड होतं. शकावली, म्हणजे सालवार टिपणं. कुठल्या तिथीला काय घडलं, एवढंच. मधे सजावट नाही. पिढ्यान्‌पिढ्या ते कागद वाड्यात राहिले. गळकी कौलं, उंदीर, वाळवी, भाऊबंदकीच्या वाटण्या, सगळ्यांतून राहिले. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते लोकमान्य टिळकांच्या हाती गेले आणि त्यांनी ते लोकांपुढं आणले. त्यात शिवाजीमहाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ असा दिला होता, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. तोवर बखरींवरून १६२७ साल धरत. वैशाखातली तिथी आणि फाल्गुनातली तिथी यांचा वाद बरीच वर्षं चालला, अजून काही जण तिथीनंच जयंती करतात. पण आज १९ फेब्रुवारीला शाळेशाळेत जी जयंती होते, ती तारीख आपल्या भोर तालुक्यातल्या एका घरानं जपलेल्या कागदांतून आली आहे. राजाच्या जन्माचं साल एका घरातल्या दप्तरावर टिकून होतं! कुणी एखाद्या दिवाळीत साफसफाईला काढून ते बंबात घातलं असतं तर?

कारीच्या पुढं कोर्ल्याहून रायरेश्वर. शेवटच्या कड्याला लोखंडी शिडी आहे. वर विस्तीर्ण पठार, आणि तिथं महादेवाचं देऊळ. १६४५ साली बारा मावळच्या सवंगड्यांबरोबर महाराजांनी इथं स्वराज्याची शपथ घेतली, असं आपण शाळेत शिकलो. कागदपत्रांवरून जाणकारांत याबद्दल वाद आहेत, तो त्यांचा विषय. मला जे दिसलं ते सांगतो. त्या पठारावर जंगमांची घरं आहेत. पावसात चार महिने समोरचं माणूस दिसत नाही असं धुकं, वारा असा की कौल राहत नाही, दुखलं-खुपलं तर माणूस पाठीवर घेऊन शिडी उतरायची. तरी ती माणसं तिथून हलली नाहीत, कारण देवाला दिवा कोण लावणार? शपथेची परंपरा आज ज्या देवळाकडं बोट दाखवते, ते देऊळ या घरांनी दिवा लावत ठेवला म्हणून उभं आहे. आम्ही गेलो तेव्हा एका माउलीनं चुलीवरची नाचणीची भाकरी आणि खरडा दिला. पैसे देऊ केले तर म्हणाली, "वारकऱ्याकडनं कसलं घ्यायचं?" आम्ही माळेकडं बघून गप्प बसलो.

राहता राहिली वेळवंडी.

राजगडाच्या पाठीमागं वेळवंड खोरं. भुतोंडे तिकडंच, येसाजी कंकांचं गाव. आज या खोऱ्याचं तळं झालंय, आणि त्याला येसाजी कंक जलाशय म्हणतात. भाटघरचं पहिलं धरण इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला बांधलं. ते पुरेना म्हणून त्याच्याखाली नवं, मोठं लॉइड धरण बांधलं. ते १९२८ च्या सुमारास पुरं झालं. साडेतेवीस टीएमसी पाणी मावतं त्यात. आपली दिंडी निघाली त्या वर्षांचाच हा काळ. इकडं आपल्या पणजोबांनी खांद्यावर पताका घेतली, आणि तिकडं पाणी चढत होतं, खालची गावठाणं वर सरकत होती.

त्या पाण्यावर नीरेचे डावा आणि उजवा असे दोन कालवे भरतात. डावा बारामती, इंदापूरकडं. उजवा फलटण, माळशिरसकडं. वारीत आपण ज्या उसाच्या सावलीनं चालतो, ज्या कालव्यावर पाय धुतो, तो ऊस आणि तो कालवा वेळवंड खोऱ्याच्या पाण्यावर आहे. त्या गावांनी आपल्या पंगती घातल्या, पाय चेपले, कधी हात आखडला नाही. आपण म्हणतो, किती दानशूर मुलूख. आहेच. पण ज्यांची शेतं, घरं, देवळं त्या पाण्याखाली गेली त्यांचं नाव कुणी कीर्तनात घेतलेलं मी तरी ऐकलं नाही.

त्या पाण्यात एक देऊळ आहे. कांबऱ्याचं, महादेवाचं, कांबरेश्वर म्हणतात, कुणी कर्महरेश्वर म्हणतात. वर्षातले बहुतेक महिने ते पाण्याखाली असतं. कालव्यांना पाणी सोडून सोडून मे महिन्यात तळं आटतं, तेव्हा आधी वरचा भाग दिसतो, मग भिंती, मग गाळात रुतलेलं दार. जवळजवळ शंभर वर्षं ते असं बुडतंय आणि निघतंय. काही ढासळलंय, पण दगड उभे आहेत. ते बांधणाऱ्यांना पुढं धरण होणार हे कुठं माहीत होतं! आणि गंमत बघा, पाण्यानं त्याचं जेवढं नुकसान केलं नाही तेवढं आम्ही आमच्या कोरड्या देवळाचं एका उन्हाळ्यात केलं. पाण्याखाली ऑइल पेंट लावता येत नाही.

मी गेलो तो मे महिन्याचा शेवट. भेगाळलेल्या गाळावरून चालत गेलो. चपला हातात. आधीच काही बाया आल्या होत्या, वरच्या वाड्यांमधल्या. त्यांनी गाळ काढून पिंड धुतली होती, बेल वाहिला होता, दिवा लावला होता. एक म्हातारी उंबऱ्यावर बसली होती. तिला विचारलं, "दरसाल येता का?"

"पाणी उतरलं की येतो. आमच्या सासऱ्याचं घर तिथं व्हतं," तिनं गाळाकडं हात केला. तिथं घर असल्याची एकही खूण नव्हती. "देव तेवढा दिसतो. मंग त्याला तरी भेटून जायचं."

मी तिला नीरेच्या घाटावरच्या आजीची गोष्ट सांगितली. पाणी कुठून येतं विचारलं, आणि मला सांगता आलं नाही म्हटलं. ती हसली. म्हणाली, "पुन्यांदा भेटली तर सांगा, आमच्या देवाच्या अंगावरनं येतं."

ती आजी मला पुन्हा भेटली नाही. दरसाल नीरेच्या घाटावर मी बघतो. आता राजगडाला चार वेळा जाऊन आलोय, तेही सांगायचंय.

आमच्या सभामंडपाच्या पायातला दगड काढता येईल का, म्हणून गवंड्याला दाखवलं. तो म्हणाला, खांब त्याच्यावरच आलाय. खांबांवरचा रंग काढायला मात्र गेल्या वर्षीपासून सुरुवात केलीय. घाई नाही, यंत्र नाही. जाणकारांना विचारून, एका वेळी वीतभर. परवा एका खांबावर पिवळ्याखालून एक हंस निघाला. पोरं बघायला जमली होती.

जूनला प्रस्थान. त्याआधी एखाद्या रविवारी आम्ही पाच-सात जण कांबऱ्याला जाऊन येतो. पखवाज नेत नाही, गाळात पाय रुततात, टाळ नेतो. हरिपाठ म्हणतो आणि परत येतो. मृग लागला, डोंगरावर पाऊस धरला, की पाणी चढायला लागतं. आपण पंढरीहून परत येतो तोवर देऊळ बुडालेलं असतं.